शंभर रुपयांत किती?

2 ऑगस्ट 1993, सोमवार. फोर्टमधल्या आमच्या शाखेत परकीय चलन विभागाच्या आतल्या खोलीत एक फळा होता. शाळेत असतो तसाच काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. एकवीस वर्षं मी त्याच्यावर रोज सकाळी खडूनं भाव लिहीत आले होते, आणि त्या दिवसापासून तो उलटा लिहायचा असं ठरलं होतं. उलटा म्हणजे कसा, तर तोवर हुंड्यांचा आणि तारेनं येणाऱ्या-जाणाऱ्या पैशांचा भाव आम्ही ‘100 रुपयांत किती डॉलर’ असा मांडायचो. आता ‘एका डॉलरला किती रुपये’ असा मांडायचा. शुक्रवारी फळ्यावर 3.19च्या जवळपासचा आकडा होता. सोमवारी त्याच जागी 31.37च्या जवळपासचा आला.

बाहेरच्या माणसाला यात काय वाटणार? आमचा मात्र हाडीमाशी खिळलेला मंत्र त्या दिवशी मोडला. नवा माणूस विभागात आला की पहिल्याच दिवशी त्याच्याकडून घोकून घेत, ‘बाय हाय, सेल लो.’ जगातला प्रत्येक दुकानदार स्वस्तात घेतो आणि महाग विकतो. आमचं सगळंच उफराटं. 100 रुपये मोजून डॉलर घ्यायचे तर जितके जास्त मिळतील तितके बरे, आणि 100 रुपये घेऊन डॉलर द्यायचे तर जितके कमी द्यावे लागतील तितके बरे. पाव शतक हे केलेले आमचे एक सीनियर त्या सोमवारनंतर महिनाभर भाव सांगण्याआधी डोळे मिटून क्षणभर थांबायचे. आम्ही मागून हसायचो, पण आमचंही तेच व्हायचं.

फळा बदलला, माझी वही मी बदलली नाही. दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी तारीख घालून तीत एक आकडा लिहायचा, 100 रुपयांत किती डॉलर. बँकेत लागले तेव्हापासूनची सवय. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, अजून लिहिते. एका डॉलरला इतके रुपये म्हटलं की डॉलर वाढताना दिसतो, कुणा दुसऱ्याच्या घरचं मूल मोठं व्हावं तसा. 100 रुपयांत इतके डॉलर म्हटलं की आपली शंभराची नोट बारीक होताना दिसते. गोष्ट एकच आहे, पण दुसरी मला जास्त खरी वाटते.

वहीच्या पहिल्या पानावरचा पहिला आकडा माझ्या जन्माच्या आधीचा आहे, जुन्या पुस्तकांतून उतरवून घेतलेला : 30.225. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी उभा राहिला तेव्हा प्रत्येक देशानं आपल्या नाण्याचं मोल कळवायचं होतं. डिसेंबर 1946मध्ये हिंदुस्थानानं कळवलं, एक रुपया म्हणजे 30.225 अमेरिकी सेंट. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नात्याचे. आणि ज्या ब्रेटन वुड्सच्या बैठकीतून नाणेनिधी जन्माला आला, तिथेही आपल्या शिष्टमंडळात ते होते. आकडा इतका बारीक येण्याचं कारण असं की रुपया डॉलरला बांधलेला नव्हताच, तो पौंडाला बांधलेला होता. 1927च्या कायद्यानं रुपयाला 1 शिलिंग 6 पेन्स, म्हणजे पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. पौंड तेव्हा 4.03 डॉलरचा. त्यामुळे डॉलर पडायचा 3 रुपये 31 पैशांना. ‘स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एक डॉलर बरोबर एक रुपया होता’ असला मजकूर दर 15 ऑगस्टला माझ्या फोनवर येतो. पूर्वी मी प्रत्येकाला उत्तर लिहायची. आता फक्त अंगठा दाखवते.

पौंडाला बांधलेलं असणं म्हणजे काय, ते सप्टेंबर 1949मध्ये कळलं. इंग्लंडनं पौंड 4.03 डॉलरवरून 2.80वर आणला आणि दुसऱ्या दिवशी आपणही त्याच्यामागे उतरलो. वहीत 30.225च्या खाली 21. शेजारी पाकिस्ताननं मात्र उतरायला नकार दिला. तिथले 100 रुपये एका रात्रीत आपल्या 144 रुपयांचे झाले. ते आपण मान्य करीना, आणि पूर्व बंगालातला ताग सरहद्दीपलीकडे अडकला, कलकत्त्याच्या गिरण्या अलीकडे.

21 हा आकडा मग सोळा वर्षं हलला नाही. या सोळा वर्षांबद्दल लोक फार हळवे होतात. पण स्थिर होता तो सरकारी भाव. इथली महागाई वाढत होती, दुसरी पंचवार्षिक योजना यंत्रं मागवत होती, महायुद्धात साठलेली पौंडांची शिल्लक आटत होती. खुर्ची तिथेच आणि माणूस खाली सरकलेला, अशातली गत.

5 जून 1966, रविवार. मी अकरावीच्या निकालाची वाट बघत होते. आमचे अण्णा काळबादेवीला एका पेढीवर कारकून होते. शेठ कापडगिरण्यांच्या यंत्रांचे सुटे भाग परदेशातून मागवायचे. त्या रात्री सरकारनं जाहीर केलं की रुपयाचं अवमूल्यन झालं आहे. हा शब्द गिरगावात आमच्या चाळीनं तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपये. 100 रुपयांत 21चे झाले 13.33.

अण्णा सोमवारी रात्री दहाला घरी आले आणि जेवायला न बसता आईला एक हिशेब सांगत राहिले. शेठनं अमेरिकेतून 10,000 डॉलरचा माल आणला होता, 90 दिवसांच्या मुदतीच्या हुंडीवर. माल येऊन गिऱ्हाइकांना विकूनही झाला होता, जुन्या भावानं. हुंडीची मुदत भरायची होती पंधरा दिवसांनी. शनिवारी खतावणीत त्या हुंडीपुढे अण्णांच्याच हातचे 47,600 रुपये होते; सोमवारी तीच हुंडी 75,000ची झाली. मधले 27,400 कुणाच्या खिशातून जाणार हे सांगणारं कुणी नव्हतं. अण्णांना तेव्हा महिना 180 रुपये मिळत. त्या दिवाळीला पेढीवर बोनस झाला नाही.

मामा त्या वेळी दुबईत होता, एका व्यापाऱ्याच्या गोदामावर हिशेबनीस. आज कुणाला सांगून पटत नाही, पण तोवर दुबईत चालायचा तो रुपयाच. पूर्वी आपल्याच नोटा तिथे चालत. त्या नोटा देऊन सोन्याची चोरटी ने-आण होते म्हणून 1959मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. दहाची नोट लाल, शंभराची हिरवी, नंबराच्या आधी झेड. सुटीवर आला असताना मामानं मला अशी एक लाल दहाची नोट दिली होती. मी ती घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. त्यानं उजेडात धरून उलटीपालटी केली आणि ‘बाबांना पाठव’ म्हणून परत दिली. इकडे ती चालतच नव्हती. आपलाच रुपया, आपल्याच बँकेनं छापलेला, आणि आपल्याच गल्लीत खोटा.

कुवेतनं 1961मध्येच रुपया सोडला होता, बहारिननं 1965मध्ये. 66च्या जूनमध्ये रुपया खाली आला तसा कतार आणि दुबईनं तो टाकला. काही दिवस सौदी रियालवर काढून सप्टेंबरमध्ये स्वतःचा रियाल आणला. ओमान तेवढा 1970पर्यंत धरून राहिला. मामाचा पगार रियालात सुरू झाला आणि त्याची मनिऑर्डर अचानक फुगली. ज्या दिवाळीत अण्णांचा बोनस बुडाला, त्याच दिवाळीत मामानं राजापूरच्या घराची गवताची पडवी काढून कौलं घातली. एकाच कुटुंबात, एकाच रुपयापायी. दोघं भेटले की यावर कधी बोलत नसत.

इंदिराबाईंना पंतप्रधान होऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. वर्षाआधीचं युद्ध, मग दुष्काळ, अमेरिकेच्या गव्हावर चालणारं रेशन, आणि अवमूल्यन करा म्हणजे मदत देऊ असा जागतिक बँकेचा आणि नाणेनिधीचा रेटा. अर्थमंत्री सचिंद्र चौधरी, आधीचे टी. टी. कृष्णम्माचारी अवमूल्यनाच्या विरोधातले. झालं असं की दुसऱ्या वर्षीही पाऊस गेला, मदत बोलल्याइतकी आली नाही आणि महागाई तेवढी आली. त्या एका रात्रीची दहशत राज्यकर्त्यांच्या मनात पंचवीस वर्षं राहिली असं माझं मत आहे, आणि पुढचा सगळा इतिहास मला त्या दहशतीतूनच कळतो.

1972ला मी बँकेत लागले. वर्षभरापूर्वी निक्सननं डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली होती आणि आपण थोडे महिने डॉलरला धरून पुन्हा पौंडाच्या पदराला जाऊन बसलो होतो. माझ्या वहीतला माझा स्वतःचा पहिला आकडा 13.7. परदेशी जाणाऱ्याला डॉलर द्यायचे ते औषधासारखे, मोजून. विद्यार्थी यायचे, विमानाचं तिकीट दाखवायचे आणि आठ डॉलर घेऊन जायचे. आठच. पासपोर्टवर त्याची नोंद करून मी सही करायची. रुपयांत साठसुद्धा होत नव्हते. एक मुलगा ते आठ डॉलर घेऊन दरवाज्यापर्यंत गेला आणि परत येऊन म्हणाला, ‘मॅडम, विमानतळावरून शहरात जायला यातले किती लागतील?’ मी गिरगावच्या पुढे दादरपर्यंत गेलेली. काय सांगणार?

सप्टेंबर 1975मध्ये पौंडही सुटला. रुपया आता अनेक चलनांच्या एका टोपलीला बांधला गेला; टोपलीत कोणती चलनं आणि किती, ते गुपित. आणि इथून ती गोष्ट सुरू होते जी कुणालाच आठवत नाही. वहीतले आकडे देते. 1980 : 12.7. 1985 : 8.1. 1990 : 5.7.

पुन्हा वाचा. दहा वर्षांत शंभर रुपयांतले डॉलर निम्म्याहून कमी झाले. 66ला डॉलर साडेसत्तावन्न टक्क्यांनी महागला, तर केवढी बोंब झाली, काँग्रेसमध्येच कामराज भडकले. ऐंशीच्या दशकात तो सव्वाशे टक्क्यांच्या आसपास महागला आणि एकही मोर्चा निघाला नाही. कारण कुणी रात्री रेडिओवर येऊन अवमूल्यन हा शब्द उच्चारला नाही. रिझर्व्ह बँकेकडून सकाळी भाव यायचा, कालच्यापेक्षा केसभर खाली. मी खडूनं शेवटचा आकडा पुसून दुसरा लिहायची. कधी बोटानंच पुसायची. रुपयाची सगळ्यात मोठी घसरण माझ्या तर्जनीनं झाली म्हणा ना! आणि ती व्हायलाच हवी होती. आपल्याकडे भाव अमेरिकेपेक्षा दरसाल थोडे जास्त वाढत राहिले, तर जुना विनिमयदर धरून ठेवणं म्हणजे खोटं वजन घेऊन बसणं. ते वजन सरकारनं गुपचूप बदललं, एवढंच.

2 ऑगस्ट 1990ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. एअर इंडियाची विमानं अम्मानहून माणसं भरभरून आणू लागली आणि आमच्या काउंटरवर दापोली-खेडकडची मंडळी दिसायला लागली. एक बाई आठवते, पस्तिशीची, पायात स्लिपर, बरोबर सासरा. नवरा नुकताच परतला होता, तापानं झोपला होता. तिनं ओढणीच्या गाठीतून कुवेती दिनारांची गड्डी काढली. महिनाभरापूर्वी जगातल्या सगळ्यात भारी चलनांतलं ते एक. एका दिनाराला साठ रुपयांच्या आसपास मिळत. आता भावच नव्हता. कमी नव्हता, नव्हताच. ती जागा मी कोरी ठेवली होती. तिनं ऐकून घेतलं, एकेक नोट पुन्हा मोजली, सगळ्यांची तोंडं एका बाजूला केली आणि गाठ मारली. रुपयाच्या घसरणीवर लोक तावातावानं बोलतात तेव्हा मला ती कोरी जागा आठवते.

दहा महिन्यांनी ती पुन्हा आली. 2 जुलै 1991, मंगळवार. नवरा आता बहारिनला होता आणि गावच्या कुणाबरोबर त्यानं 400 डॉलर पाठवले होते, शंभराच्या चार नोटा. आदल्याच दिवशी, सोमवारी, रिझर्व्ह बँकेनं रुपया एका झटक्यात नऊ टक्क्यांनी खाली आणला होता, डॉलर 21.14वरून 23.04वर. तिनं विचारलं, ‘बाय, आज देऊ का थांबू?’ मी एकोणीस वर्षांचा अनुभव गाठीशी असलेली बाई. झटका एकदाच बसतो, नंतर भाव थोडा वर येतो, असा माझा हिशेब. म्हटलं, आजच दे, याहून चांगला भाव मिळायचा नाही. तिनं दिले. नोटांचा भाव थोडा कमी असतो, तरी नऊ हजारांवर घेऊन गेली.

बुधवारी सकाळी रुपया आणखी अकरा टक्के खाली आला. डॉलर 25.95. माझ्या एका वाक्यानं तिचे अकराशेहून अधिक रुपये गेले होते.

पुढे कळलं की हे दोन टप्प्यांत करायचं आधीच ठरलेलं होतं आणि त्याला ‘हॉप, स्किप अँड जंप’ असं लहान मुलांच्या खेळातलं नाव दिलं होतं. पहिल्या टप्प्यावर ओरड झाली तसे पंतप्रधान नरसिंह राव कचरले; दुसरा थांबवता येतो का म्हणून मनमोहन सिंगांनी बुधवारी सकाळी डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन केला. तोवर उडी मारून झाली होती. म्हणजे त्या मंगळवारी माझं म्हणणं खरं ठरायला एका फोनचा उशीर झाला. याचा मला काही उपयोग नाही, त्या बाईला तर नाहीच.

त्याच आठवड्यात, आमच्या शाखेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या रिझर्व्ह बँकेतून सोनं बाहेर पडत होतं. जवळजवळ 47 टन सोनं लंडनला गहाण गेलं, 40 कोटी डॉलरसाठी. मे महिन्यात 20 टन आधीच स्वित्झर्लंडला गेलं होतं. दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं. आम्ही परकीय चलनात काम करणारे, पण आम्हालाही सोन्याचं कळलं ते वर्तमानपत्रातून.

त्या वर्षी मी बँकेच्या वाचनालयातून बाबासाहेब आंबेडकरांचं रुपयावरचं पुस्तक काढलं, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, 1923चं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा प्रबंध. मी अर्थशास्त्राची नाही. अर्धं डोक्यावरून गेलं. पण एक मुद्दा अण्णांच्या खतावणीवर नेमका बसला. चांदीच्या घसरणीबरोबर रुपया घसरत होता त्या काळाबद्दल ते लिहितात की निर्यातीच्या व्यापाऱ्याला जो फायदा होतो तो देशाचा फायदा नव्हे. किमती चढतात त्या वेगानं मजुरी चढत नाही, आणि नफा येतो तो त्या फटीतून. म्हणजे रुपया पडल्यानं देश बुडतो की तरतो हा प्रश्नच अर्धवट. कुणाच्या ताटातलं कुणाच्या ताटात गेलं, ते विचारायचं. फळ्यावर मात्र एकच आकडा मावतो.

92मध्ये वर्षभर दोन भाव चालले, निर्यातदाराच्या कमाईतला चाळीस टक्के भाग सरकारी भावानं आणि साठ टक्के बाजाराच्या. त्या हिशेबांनी आमची डोकी आणि कॅल्क्युलेटर दोन्ही तापले. मार्च 1993मध्ये एकच भाव झाला, तो बाजार ठरवू लागला, आणि ऑगस्टमध्ये फळा उलटला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत माझ्या लेखी फारसं काही घडलं नाही, म्हणजे रोजच घडत होतं. फळ्याच्या जागी पडदा आला, आकडा मिनिटाला हलू लागला. 2007च्या अखेरीस डॉलर चाळीसच्या खाली गेला, वहीत 2.5 आला, तेव्हा पुण्यातल्या संगणक कंपन्या रुपया चढला म्हणून रडत होत्या. 2013च्या ऑगस्टमध्ये 68 ओलांडले, 1.45. डिसेंबर 2025मध्ये नव्वद.

त्याच महिन्यात माझ्या भाचीच्या मुलीची बोस्टनची फी भरायला मी तिच्याबरोबर बँकेत गेले. काचेपलीकडे पंचविशीचा मुलगा. ए-टू फॉर्म, सह्या, पाच मिनिटांत काम. आठ डॉलरसाठी पासपोर्टवर सही करणारी बाई समोर बसली आहे, हे त्याला कुठून माहीत असणार? भाव विचारून मी पिशवीतून वही काढली, तारीख घातली आणि 1.1 लिहिलं. त्यानं काचेतून वाकून पाहिलं.

‘आजी, पॉइंट चुकलाय. नव्वदच्या वर आहे.’

मी म्हटलं, ‘शंभर भागिले करून बघ.’

त्यानं बटणं दाबली, पडद्याकडे पाहिलं. ‘हो, बरोबर आहे,’ म्हणाला आणि मुलीकडे वळून तिचं पॅन कार्ड मागितलं.